श्रेयनामावलीबाहेरचा माणूस

होसूर आणि सर्जापूर रस्त्यांवरून नाव पडलेले बेंगळुरूचे एचएसआर लेआउट हे नवउद्योगांचे आगर. तेथील कथा टिपायला परदेशी वार्ताहर येतो, तेव्हा मुलाखती, वाहन, परवानग्या जुळवतो तो स्थानिक ‘फिक्सर’. वादळ उठले की मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. लुई माल यांच्या माहितीपटांवरून १९७० मध्ये बीबीसीला भारतातून गाशा गुंडाळावा लागला. परदेशी पथक मायदेशी परतते; फिक्सरला येथेच राहायचे असते. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याची व्याख्या वृत्तपत्रातील नोकरीशी बांधलेली होती. कंत्राटी फिक्सर तिच्याबाहेरच राहिला. परदेशी चित्रपटकर्त्यांच्या सोयीसाठी केंद्राने २०१५ मध्ये साहाय्य कार्यालय उघडले. परवानगीपत्रात फिक्सरचा लेखी करार आणि विमा यांची अट घालणे शासनाला अवघड नाही.