हँडलची फिर्याद

बंगळूरच्या उत्तरेस हेब्बाळ येथे बळ्ळारी रस्ता आणि बाह्य वर्तुळमार्ग एकमेकांस छेदतात, आणि तेथील उड्डाणपुलाच्या वळणदार वाटांवरून, २००८ साली देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाल्यापासून तर अहोरात्र, वाहनांचा लोंढा वाहत असतो. मोटारसायकलस्वारास येथे अवघ्या काही मिनिटांत कोंडीतून पावलापावलाने सरकावे लागते, वळणावर गाडी कललेली असतानाच पुलाचे सांधे ओलांडावे लागतात, आणि पुढे विमानतळाकडे जाणारा लांब सरळ रस्ता मिळाला की वेगही गाठावा लागतो. त्यामुळे गाडीच्या चालीत काही वैगुण्य असेल तर ते येथे प्रकट झाल्यावाचून राहत नाही. मात्र ‘गाडी हलते’ एवढ्या मोघम फिर्यादीवर मेकॅनिक कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) बदलतो, मालक शहरातल्या जे. सी. रोडच्या बाजारातून नवे सुटे भाग आणतो, आणि गाडी पूर्ववत हलत राहते, असा प्रकार वारंवार घडतो.

माझ्या मते याचे कारण असे की, फिर्याद नेहमी हँडलच्या तोंडून येते, म्हणून गुन्हाही हँडलच्या आसपासच घडला असावा असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः पुढचे चाक सरळ ठेवण्याची व्यवस्था गाडीच्या रचनेतच असते. हँडल ज्या तिरप्या अक्षाभोवती वळते तो अक्ष खाली जमिनीपर्यंत वाढवला, तर टायर जेथे जमिनीस टेकतो त्याच्या काहीसा पुढे तो पोचतो. या अंतरास ‘ट्रेल’ म्हणतात, आणि त्याच्यामुळे चाक मार्गापासून ढळले तरी आपोआप परत येते. परंतु परत येणारी वस्तू मध्यावर थांबेलच असे नाही. ती पलीकडेही जाते, आणि मग चाक डावी-उजवीकडे हेलकावू लागते. १९७१ साली इंग्लंडमधील संशोधक आर. एस. शार्प यांनी मोटारसायकलच्या स्थैर्याचे गणित मांडताना अशी दोन आंदोलने स्पष्टपणे वेगळी केली : एक ‘वॉबल’, ज्यात केवळ पुढचा भाग सेकंदाला अनेक वेळा थरथरतो, आणि दुसरे ‘वीव्ह’, ज्यात मागच्या चाकासह सगळी गाडी संथपणे डोलते.

हा भेद ध्यानात घेतला की तहकिकातीस दिशा मिळते. ताशी साठच्या आसपासचा वेग उतरताना हँडलवरची पकड सैल केली आणि ते थरथरू लागले, तर संशय पुढच्या टायरवर, त्यातल्या हवेवर, रिमवर आणि सैल कोनसेटवर जातो. उलट वेगात संपूर्ण गाडी डोलत असेल, तर मागचा टायर, शॉकअप, मागचे चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश आणि मागे लादलेले ओझे तपासावे. अगदी मंद गतीत गाडी सरळ न चालता नागमोडी जात असेल, तर कोनसेट सैल नसून फाजील आवळलेला असण्याचा संभव अधिक. आणि हे आवळण्याचे पुण्यकर्म बहुधा आदल्या दुरुस्तीतच झालेले असते. गाडी एका बाजूस ओढत असेल तर प्रथम सपाट रस्ता शोधावा, कारण आपल्याकडे पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याच्या कडेस उतार ठेवतात आणि डाव्या कडेने चालणारी निर्दोष गाडीही किंचित डावीकडेच झुकते.

प्रत्यक्ष तपासणीस फारसा सरंजाम लागत नाही. गाडी मेन स्टँडवर घेऊन एकाने मागचा भाग दाबून धरावा, म्हणजे पुढचे चाक अधांतरी होईल. दुसऱ्याने पुढील दोन्ही शॉकअपचे खालचे टोक धरून पुढे-मागे हलवावे, आणि हँडलखाली, जेथे शॉकअपचे दोन्ही पाय एकत्र येतात तेथील सांध्यावर बोट ठेवावे. ‘टक्’ असा धक्का बोटास जाणवला तर कोनसेट सैल आहे. नंतर हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अत्यंत सावकाश फिरवावे. बरोबर मध्यावर ते जणू एखाद्या खाचेत बसल्यासारखे अडखळले, तर कोनसेटमधल्या गोळ्यांनी त्यांच्या पट्टीवर खड्डे पाडले आहेत असे समजावे; असा कोनसेट आवळून उपयोग नाही, तो बदललाच पाहिजे. चाक फिरवून शॉकअपच्या पायाजवळ एक काडी स्थिर धरली की रिमचा वाकडेपणाही तत्काळ दिसतो.

मागच्या चाकाबाबत मात्र चेन ॲडजस्टरवरील खुणांवर माझा यत्किंचित विश्वास नाही. चिमट्याच्या बोल्टापासून चाकाच्या ॲक्सलपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी दोरीने मोजावे, तेच प्रमाण. टायर हातांनी आडवा हलवून खडखड होत असेल तर ती चाकाच्या बेअरिंगची आहे की चिमट्याच्या बुशाची, हेही पाहावे : चाकाबरोबर चिमटाही हलत असेल तर दोष बुशाचा, चिमटा स्थिर असेल तर बेअरिंगचा.

या सर्वांच्या आधी, टायर थंड असताना, हवा मोजावी, हे सांगितल्यास पुष्कळांना अपमान वाटतो. तथापि फुकट होणारी ही तपासणी टाळून शेकडो रुपयांची दुरुस्ती करणारे लोक मी पाहिले आहेत. विमानतळाच्या सरळ रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्यांचा टायर तर मध्येच झिजून सपाट होतो, आणि पुलाच्या वळणावर गाडी कलवताना त्या सपाटीच्या कडेवर चढताना ती एकाएकी लडखडते. घरपोच जेवण पोचवणाऱ्या मुलांच्या गाड्यांची अडचण निराळी आहे : मागच्या ॲक्सलच्याही पलीकडे लटकणाऱ्या भरल्या पेटीमुळे पुढचे चाक हलके पडते, आणि कोणताही भाग बिघडलेला नसताना हँडल थरथरू लागते. अशा वेळी हँडल घट्ट आवळणे अथवा ब्रेक करकचून दाबणे हे दोन्ही घातक. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडावा, अंग किंचित पुढे झुकवावे, आणि पुढल्या फेरीपूर्वी पेटीतले जड सामान शक्य तितके पुढे व खाली ठेवावे.