गाडीची बॅटरी बदलायचीय? दुकानात जायच्या आधी हे ऐका

आजचा विषय खिशाशी संबंधित आहे. सकाळी चावी फिरवली, सेल्फने नुसतं 'टक टक' केलं आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावले, की आपण लगेच ठरवतो, बॅटरी गेली. मग जवळच्या दुकानात जाऊन तो देईल ती घेऊन मोकळे होतो. इथेच पैसे वाया जाऊ शकतात.

आधी खात्री करा

बॅटरी खरंच गेलीय की नुसती उतरलीय? रात्रभर आतला दिवा चालू राहिला तर चांगली बॅटरीसुद्धा उतरते. ती चार्ज केली की काम भागतं. साधा मल्टिमीटर घ्या. गाडी काही तास बंद असताना व्होल्टेज १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. आता इंजिन चालू करून परत मोजा. बहुतेक गाड्यांमध्ये १३.८ ते १४.५ दिसायला हवं. इंजिन चालू असूनही आकडा १२ च्या घरातच राहिला, तर संशय अल्टरनेटरवर घ्या. तो चार्जच करत नसेल तर नवी कोरी बॅटरीही दोन दिवसांत झोपणार.

पूर्ण चार्ज करूनही सेल्फ मारताना दम लागत असेल, तर दुकानात लोड टेस्ट करून घ्या. त्यात नापास झाली तर मात्र बदलायची.

जुन्या बॅटरीवरचा कोड वाचा

समजा त्यावर ३८बी२०एल लिहिलंय. ही जपानी पद्धत. ३८ म्हणजे ताकदीचा दर्जा, बी म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे लांबी, साधारण २० सेंटीमीटर. आणि शेवटचं एल किंवा आर म्हणजे टर्मिनल कुठल्या बाजूला आहेत ते. हे शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं! बाजू उलटी आली तर वायर पोचत नाही. कुणी घाईत ओढूनताणून लाल-काळी उलटी जोडली, तर फ्यूज उडतात, अल्टरनेटर किंवा ईसीयूसुद्धा जाऊ शकतो. काही गाड्यांना डीआयएन साइजची बॅटरी लागते, तिचा ट्रे आणि टर्मिनल वेगळे असतात. म्हणून निघण्याआधी जुन्या बॅटरीचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.

एएच म्हणजे काय?

३५ एएचची बॅटरी साधारण पावणेदोन अँपिअर करंट २० तास देऊ शकते. चार पार्किंग बल्ब मिळून जवळपास तेवढंच खातात. म्हणजे ते रात्रभर चालू राहिले तर सकाळी सेल्फ लागेलच याची खात्री नाही. छोट्या पेट्रोल गाडीला ३५ एएच चालते. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन जास्त असतं, सेल्फला जोर जास्त लागतो, म्हणून बॅटरीही मोठी. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलंय त्याहून कमी एएच घेऊ नका. थोडी जास्त चालेल, पण ट्रेमध्ये घट्ट बसली पाहिजे. हलणारी बॅटरी आतून लवकर खराब होते.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी, म्हणजे स्टार्ट-स्टॉपवाली गाडी असेल, तर तिथे ईएफबी किंवा एजीएम बॅटरी लागते. मूळची एजीएम असेल तर एजीएमच घ्या. साधी बॅटरी स्वस्त पडेल, पण सारखं सारखं सेल्फ मारण्यासाठी ती बनलेली नाही.

दुकानात काय विचारायचं?

पहिलं, बनवल्याची तारीख. बॅटरी पडून पडूनही उतरते. दोन-तीन महिन्यांच्या आतली मागा आणि व्होल्टेज तिथेच मोजायला सांगा. दुसरं, वॉरंटी. '४८ महिने' हा आकडा ऐकून खूश होऊ नका. त्यातले फुकट बदलून मिळायचे किती? २४ अधिक २४ असेल, तर पहिल्या २४ महिन्यांनंतर फक्त किमतीत सूट मिळते. कार्डावर तारीख, शिक्का आणि गाडीचा नंबर घालून घ्या. तिसरं, जुन्या बॅटरीचे पैसे. आत शिसं असतं, त्यामुळे तिला किंमत आहे. जुनी देऊन आणि न देता, दोन्ही भाव विचारा. ती कचऱ्यात मात्र कधीच टाकायची नाही. शिसं आणि आम्ल दोन्ही घातक आहेत.

बसवताना

काढताना आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर. लावताना ती सगळ्यात शेवटी. असं केलं की पाना चुकून गाडीच्या बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही.

आणि हो, आपल्याकडे बॅटरीचा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. विदर्भातल्या उन्हाळ्यात गाडी सावलीत लावली तरी बॅटरीचं आयुष्य वाढतं. गाडी नुसती उभी असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवून आणा. जागेवर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून भागत नाही.

मग आज एक काम करा. बॉनेट उघडा, कोड वाचा, फोटो काढा. गाडी रस्त्यात बंद पडेल त्या दिवशी हाच फोटो कामाला येईल. भेटू पुढच्या भागात!