बॉसला 'बॉलपार्क फिगर' हवी असते, पण हे बॉलपार्क नेमकं कुठलं?

सोमवारची सकाळ. हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीतली अकराची मीटिंग. मॅनेजर म्हणतो, "क्लायंटशी एकदा टच बेस करा, खर्चाची बॉलपार्क फिगर देऊन टाका. मग बॉल त्यांच्या कोर्टात. फक्त त्यांनी परत गोलपोस्ट हलवू नयेत म्हणजे मिळवलं."

एवढ्या बोलण्यात बेसबॉल, टेनिस आणि फुटबॉल असे तीन खेळ खेळून झाले. खुर्चीतून कुणी उठलेलंही नाही.

इंग्रजीत असे खेळातून आलेले वाक्प्रचार शेकड्याने आहेत. आपण ते ऑफिसमध्ये, चॅटवर, इन्स्टाच्या कॅप्शनमध्ये बिनधास्त वापरतो. अडचण एवढीच की त्यातले बरेचसे खेळ आपण कधी पाहिलेलेच नाहीत. त्यामुळं शब्द येतो, पण त्याच्या मागचा नियम तिकडंच राहतो. आणि कधीकधी तो नियम सुटल्यानं मोठा घोळ होतो. कसा, ते बघू.

सुरुवात बेसबॉलपासून, कारण ऑफिसमधली सगळ्यात जास्त इंग्रजी तिथूनच आलीये. आपल्याकडं बेसबॉल मैदानावरून आला नाही, तो अमेरिकन क्लायंटच्या ईमेलमधून आला.

बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान. बॉल मैदानाच्या आत आहे एवढं कळलं तरी पुरे, नेमका कुठं पडला ते नंतर बघू, असा त्यातला भाव. म्हणून 'बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ अंदाज. 'टच बेस'चं मूळही याच खेळात सांगतात. धावणाऱ्या खेळाडूला प्रत्येक बेसला स्पर्श करूनच पुढं जावं लागतं. घाईत एखादा बेस चुकला आणि समोरच्या टीमनं दाद मागितली, तर गडी बाद. म्हणजे टच बेस ही लांबलचक बैठक नव्हे. पाय टेकवायचा आणि पुढं निघायचं.

सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो 'रेन चेक'चा. तुम्ही कुणाला विचारलं, "शनिवारी जेवायला येतोस का?" आणि उत्तर आलं, "कॅन आय टेक अ रेन चेक?" तर बरेच जण समजतात की पठ्ठ्यानं नकार दिला. काहींना वाटतं, पावसाचा अंदाज बघून सांगणार आहे. दोन्ही चूक. १८८०च्या दशकात अमेरिकेत बेसबॉलचा सामना पावसानं वाहून गेला, की प्रेक्षकांकडचा तिकिटाचा तुकडा पुढच्या सामन्याला चालायचा. त्या तुकड्याचं नाव रेन चेक. म्हणजे रेन चेक घेणारा माणूस सांगतोय की आज जमत नाही, पण माझं तिकीट अजून चालू आहे, मला परत बोलाव. त्यामुळं असा मेसेज आल्यावर रुसून बसू नका.

'बॉल इज इन युवर कोर्ट' तर आपण अगदी आरामात म्हणतो, जणू समोरच्याला हवा तेवढा वेळ आहे. टेनिसमध्ये तसं काही नसतं. चेंडू तुमच्या बाजूला आला की दुसरा टप्पा पडायच्या आत परतवायचा, नाहीतर पॉइंट गेला. मूळ खेळात त्या वाक्यात निवांतपणा नाही, घाई आहे.

इथपर्यंत सगळं गमतीत चाललंय. पण एका बेसबॉलच्या नियमानं माणसांना जन्मठेपेपर्यंत नेलंय.

बेसबॉलमध्ये बॅटरचे तीन स्ट्राइक झाले की तो आउट. यावरून 'थ्री स्ट्राइक्स अँड यू आर आउट' हा वाक्प्रचार झाला. १९९०च्या दशकात अमेरिकेत गुन्हेगारीवरून लोक चिडलेले होते आणि ही घोषणा राजकारणात जोरात चालली. वॉशिंग्टन राज्यानं १९९३ मध्ये तसा कायदा केला, कॅलिफोर्नियानं १९९४ मध्ये. कॅलिफोर्नियाचा कायदा असा होता: आधी दोन गंभीर किंवा हिंसक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या माणसानं तिसरा गुन्हा केला, तर २५ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा. तिसरा गुन्हा मोठाच असायला हवा अशी अट नव्हती.

मग झालं काय? एका माणसानं दुकानातून गोल्फच्या तीन काठ्या चोरल्या. पँटच्या पायात लपवल्या होत्या, त्यामुळं तो लंगडत चालला होता आणि दुकानातल्या माणसाला संशय आला. एका काठीची किंमत ३९९ डॉलर. शिक्षा २५ वर्षं ते जन्मठेप. दुसऱ्या एकानं दोन वेळा मिळून साधारण दीडशे डॉलरच्या व्हिडिओ कॅसेट उचलल्या. दोन गुन्हे धरले गेले, म्हणून दोनदा २५, म्हणजे किमान ५० वर्षं. दोन्ही खटले अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि २००३ मध्ये कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी दोन्ही शिक्षा कायम ठेवल्या.

आता खेळाकडं परत या. बेसबॉलमध्ये तीन स्ट्राइक होऊन आउट झालेला बॅटर करतो काय? जाऊन बाकावर बसतो. त्याचा नंबर आला की परत बॅट घेऊन उभा राहतो. एकाच सामन्यात तो तीन-चार वेळा खेळायला येतो. आउट म्हणजे त्या खेपेपुरतं आउट. घोषणा बनवणाऱ्यांनी खेळातला 'तीन'चा आकडा उचलला, पण परत येण्याची सोय मैदानातच ठेवली. शेवटी २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी कायदा बदलला आणि तिसरा गुन्हासुद्धा साधारणपणे गंभीर किंवा हिंसक असायला हवा, असं ठरलं. माझ्या मते घोषणा एवढी चटकदार नसती, तर कायद्यातली ही भोकं लोकांना आधीच दिसली असती.

असंच एक बास्केटबॉलचं. 'स्लॅम डंक' म्हणजे उंच उडी मारून चेंडू थेट बास्केटमध्ये कोंबणं. चुकायची शक्यता जवळपास नाहीच. डिसेंबर २००२ मध्ये इराककडं महासंहारक शस्त्रं आहेत का, यावर व्हाइट हाउसमध्ये बैठक झाली. तिथं सीआयएचे प्रमुख जॉर्ज टेनेट हे 'स्लॅम डंक' प्रकरण आहे असं म्हणाले, हे पत्रकार बॉब वुडवर्ड यांच्या पुस्तकातून २००४ मध्ये बाहेर आलं. मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झालं होतं. शस्त्रांचे साठे काही सापडले नाहीत. आपल्या शब्दांचा संदर्भ वेगळा होता, असं टेनेट यांनी नंतर सांगितलं. पण ते दोन शब्द त्यांना कायमचे चिकटले.

आता बॉक्सिंग. इंग्रजीत भांडणाची भाषा जवळपास सगळी इथलीच. आपल्याकडं जसं कुस्तीनं राजकारणाला शब्द पुरवले, तसंच. निवडणूक आली की आपले नेते आखाड्यात उतरतात, शड्डू ठोकतात, एकमेकांना चीतपट करतात, धोबीपछाड देतात. तिकडचा शड्डू म्हणजे टोपी. कुणाशी लढायची तयारी असेल, तर बघ्यानं आपली हॅट रिंगमध्ये फेकायची. म्हणून उमेदवारी जाहीर करण्याला 'थ्रो युवर हॅट इन द रिंग' म्हणतात. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी अध्यक्षपदासाठी पुन्हा उभं राहताना हेच शब्द वापरले आणि ते घरोघरी पोचले.

बरं, चौकोनाला रिंग का म्हणतात? कारण आधी दोर नव्हते. दोघं भांडायला लागले की लोक गोल करून उभे राहायचे. पुढं १८३८च्या नियमांत २४ फुटांचा चौकोन ठरला, नाव मात्र तेच राहिलं. त्याच नियमांत मैदानाच्या मध्यावर एक रेघ ओढायची, तिचं नाव स्क्रॅच. पडलेल्या गड्याला ३० सेकंद विश्रांती आणि त्यानंतर ८ सेकंदांत स्वतःच्या पायांनी त्या रेघेपर्यंत यायचं. आला तर 'अप टू स्क्रॅच', नाही आला तर हरला. म्हणजे एखाद्याचं काम 'अप टू स्क्रॅच' आहे याचा अर्थ ते उत्तम आहे असा नाही. उभं राहण्याइतपत ठीक आहे, एवढाच. 'स्टार्ट फ्रॉम स्क्रॅच' मात्र शर्यतीतलं आहे. तिथं स्क्रॅच म्हणजे सुरुवातीची रेघ, आणि कसलीही सवलत न घेता तिथून पळायचं.

'बिलो द बेल्ट'चं मूळही जुनं आहे. लंडनच्या जॅक ब्रॉटननं १७४३ मध्ये मुष्टियुद्धाचे नियम लिहिले, त्यात पडलेल्याला मारायचं नाही आणि कमरेखाली पकडायचं नाही हे स्पष्ट होतं. हार मानताना कोपऱ्यातला साथीदार आधी स्पंज वर फेकायचा, नंतर टॉवेल आला. टॉवेल खेळाडू स्वतः फेकत नाही, त्याच्या बाजूचा माणूस फेकतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मार खाणाऱ्याला आपण हरतोय हे शेवटी कळतं.

आता व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्या फॉरवर्डबद्दल. 'सेव्ह्ड बाय द बेल' म्हणजे काय, तर पूर्वी चुकून जिवंत माणसं पुरली जायची, म्हणून शवपेटीत दोरी सोडून वर घंटा बांधायचे, घंटा वाजली की माणूस वाचला. गोष्ट भारी आहे. 'पंधराशे सालातलं आयुष्य' अशा नावाच्या एका ईमेलमधून ती १९९९ पासून जगभर फिरतेय. घंटावाल्या शवपेट्यांची पेटंट एकोणिसाव्या शतकात खरंच घेतली गेली होती, त्यामुळं गोष्ट पटतेही. पण वाक्प्रचार तिथून आलेला नाही. १८६७च्या क्वीन्सबेरी नियमांनी तीन मिनिटांच्या फेऱ्या आणि दहा सेकंदांची मोजणी आणली. मोजणी चालू असताना फेरी संपल्याची घंटा झाली, तर पडलेला गडी वाचायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे शब्द बॉक्सिंगच्या संदर्भात छापलेले दिसतात. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बॉक्सिंगच्या आजच्या एकत्रित नियमांत घंटा कुणालाच वाचवत नाही. मोजणी पूर्ण होते.

शवपेटीची गोष्ट खोटी निघाली तरी कुणाचं नुकसान नाही. 'हँडिकॅप'चं तसं नाही. इंग्लंडच्या राजानं युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना टोपी हातात घेऊन भीक मागायची परवानगी दिली, त्यावरून हा शब्द आला, असं सोशल मीडियावर ठामपणे सांगितलं जातं. हे चूक आहे. हँडिकॅप हा सतराव्या शतकातला अदलाबदलीचा खेळ. दोघांना वस्तू बदलायच्या असायच्या, समजा एकाचं घड्याळ आणि दुसऱ्याचा कोट. तिसरा माणूस पंच. कमी किमतीच्या वस्तूवर किती पैसे वर द्यायचे, हे तो ठरवणार. तिघांनी थोडे पैसे टोपीत टाकायचे. सौदा मंजूर की नामंजूर, हे दोघांनी टोपीत हात घालून, मूठ भरून किंवा रिकामी काढून सांगायचं. दोघांचं एकमत झालं, तर टोपीतले पैसे पंचाचे. त्यामुळं पंचाला न्याय्य फरक सांगावाच लागायचा. सॅम्युअल पेप्सच्या १६६०च्या डायरीत या खेळाचा उल्लेख आहे.

अठराव्या शतकात हाच शब्द घोड्यांच्या शर्यतीत गेला. शर्यत चुरशीची व्हावी म्हणून पंच कुठल्या घोड्यावर किती वजन ठेवायचं ते ठरवायचा. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर आजही हँडिकॅप शर्यती होतात. आणि इथं नीट बघा: जास्त वजन जास्त ताकदवान घोड्यावर. हँडिकॅप ही कमजोराची खूण नव्हती. पुढं अर्थ 'जादा ओझं' एवढाच उरला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो अपंगत्वाला चिकटवला गेला. म्हणून हा शब्द आता माणसांसाठी परत वापरायचा का? नाही. अपंग व्यक्तींनाच तो नको आहे, तेवढं कारण पुरेसं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या करारात आणि आपल्या २०१६च्या कायद्याच्या इंग्रजी नावात तो नाही. पण एखादा शब्द टाळा हे पटवून द्यायला भिकाऱ्यांची बनावट गोष्ट कशाला हवी?

क्रिकेटचे शब्द समजवायची गरज नाही, फक्त हॅट्ट्रिकमधली हॅट खरी आहे हे सांगतो. १८५८ मध्ये शेफिल्डच्या हाइड पार्क मैदानावर एच. एच. स्टीफन्सन यांनी तीन चेंडूंत तीन बळी घेतले. प्रेक्षकांनी वर्गणी काढून त्यांना टोपी भेट दिली. वर्ल्ड कपमधली पहिली हॅट्ट्रिक आपल्या नागपुरात झाली, ३१ ऑक्टोबर १९८७ला, न्यूझीलंडविरुद्ध. चेतन शर्मानं तिघांचेही दांडके उडवले होते.

आणि अप्रेझलमध्ये कुणी तुमचं काम 'बिलो पार' आहे म्हणालं, तर गोल्फचा दाखला द्यायला जाऊ नका. गोल्फमध्ये पारपेक्षा कमी फटके म्हणजे भारी खेळ, हे बरोबर आहे. पण हा शब्द मूळचा शेअर बाजारातला. तिथं पार म्हणजे दर्शनी मूल्य, आणि त्याच्याखाली गेलेला शेअर म्हणजे पडलेला शेअर. गोल्फनं तो १८७०च्या सुमारास तिथून उचलला. बॉस बोलतोय ते बाजारातलं.