लूप लाइनवर थांबलेला माल

१४ जुलै २०२४, रविवारची संध्याकाळ. खेड तालुक्यात दिवाणखवटी आणि विन्हेरे या स्थानकांच्या दरम्यान बोगद्याच्या तोंडाशी डोंगराची माती चिखलासकट रुळांवर उतरली आणि कोकण रेल्वे ठप्प झाली. जेसीबी लागले, माणसे लागली. पण एक ढीग उपसेपर्यंत वरून नवी माती येत होती. मार्ग मोकळा व्हायला जवळजवळ एक पूर्ण दिवस गेला. त्या दिवसभरात कुठली एक्स्प्रेस कुठे अडकली, प्रवाशांसाठी एसटीच्या गाड्या कुठून सोडल्या, कोणती गाडी पुणे-मिरजमार्गे वळवली, हे सगळे वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी तपशिलाने सांगितले. त्याच मार्गावर थांबलेल्या मालगाड्यांबद्दल मात्र बातम्यांत कुठे चकार शब्द नव्हता.

त्यात कुणाचा दोष काढावा असे नाही. अडकलेल्या माणसाची काळजी आधी, हे योग्यच आहे. पण भारतीय रेल्वेच्या वाहतूक उत्पन्नातला सुमारे दोन तृतीयांश वाटा मालवाहतुकीतून येतो आणि प्रवासी तिकिटाची तूटही त्याच पैशातून भरून निघते. असे असताना पावसाने लोहमार्ग तोडला की मालाचे काय होते, हे आपल्याकडे नीट सांगितले जात नाही. माझे म्हणणे एवढेच की, कोकणात दरड एका जागी पडते आणि अडते ते पश्चिम किनाऱ्याचे सगळे दळणवळण. याला पावसाइतकीच आपली एकेरी लाइन जबाबदार आहे.

कोकण रेल्वेची आखणीच आधी लक्षात घ्यावी लागते. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर. मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांचा पाठपुरावा, १९९० मध्ये स्थापन झालेले महामंडळ, ई. श्रीधरन यांचे नेतृत्व आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झालेला मार्ग, ही कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे. तिच्यात एक तांत्रिक निर्णय दडलेला आहे, त्याची चर्चा कमी होते. हा मार्ग वेगवान गाड्यांसाठी आखला गेला. चढ १५० मीटरला एक मीटर, याहून तीव्र नाही. वळणे मोठ्या त्रिज्येची. भोर आणि थळ घाटांत हाच चढ ३७ मीटरला एक मीटर आहे. तिथे अवजड गाडीला मागून जादा इंजिने, म्हणजे बँकर, लावल्याशिवाय ती चढत नाही. कोकणात अवजड मालगाडीही बँकरशिवाय सुरळीत जाते. मालवाहतुकीला याहून चांगली रचना मिळणे कठीण.

पण डोंगर आणि खाड्या एकामागून एक येतात अशा मुलखात इतका सपाट आणि सरळ मार्ग काढायचा, तर डोंगर कापावेच लागतात. नव्वदहून अधिक बोगदे, त्यांत साडेसहा किलोमीटरचा करबुडे. लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल. आणि या सगळ्यांच्या मधे शेकडो खोल कटिंग आणि उंच भराव. कोकणात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. वर जांभ्याचा कडक थर आणि त्याखाली पाणी पिऊन मऊ होणारी चिकणमाती, अशी जमीन पुष्कळ ठिकाणी आहे. कटिंगने या थरांचा आधार काढून घेतला. ज्या आखणीने मालगाडीचा चढ हलका केला, तिनेच डोंगराचा उतार धोकादायक केला.

पेडण्याच्या बोगद्याने हे बांधकामाच्या वेळीच दाखवून दिले होते. तिथली भुसभुशीत, पाण्याने भरलेली माती इतकी ढासळत होती की संपूर्ण मार्गाचा हा शेवटचा दुवा ठरला. ६ ऑगस्ट २०२० च्या पहाटे मडुरे आणि पेडणे यांच्या दरम्यान याच बोगद्याची भिंत काही मीटर कोसळली. वाहतूक पूर्ववत व्हायला सप्टेंबरचा मध्य उजाडला. टाळेबंदीमुळे प्रवासी गाड्या तेव्हा मोजक्याच होत्या, त्यामुळे त्या महिन्याभराच्या खंडाचा मोठा भार मालावर पडला. जुलै २०२४ मध्ये, दिवाणखवटीच्या आधी चार-पाचच दिवस, पेडण्याच्याच बोगद्यात रुळांखालून पाणी आणि गाळ उसळून वर आला. वाहतूक एकदा सुरू करून पुन्हा बंद करावी लागली.

दरड उचलली की काम संपले, असे बाहेरून वाटते. खरे दुखणे खडीच्या खाली असते. रुळांचा भार स्लीपरवर, स्लीपरचा खडीवर आणि खडीचा खालच्या भरावावर जातो. खडीच्या फटींतून पाणी निघून गेले पाहिजे, हे तिचे एक मुख्य काम. चिखल आत शिरला की फटी बुजतात, पाणी साचते, भराव मऊ पडतो, आणि गाडीच्या प्रत्येक दाबासरशी खालचा गाळ पंपासारखा वर उपसला जातो. भरलेल्या मालवॅगनच्या एकेका आसावर वीस टनांहून अधिक वजन असते. प्रवासी डब्याच्या आसावर त्याहून पुष्कळ कमी. ओल्या भरावाला अधिक धोका मालगाडीचा. एक्स्प्रेस सावकाश पलीकडे नेता येईल अशा जागी पाच हजार टनांची मालगाडी नेताना अभियंत्याला दहादा विचार करावा लागतो.

मार्ग खुला झाला तरी मालगाडीची पाळी उशिरा येते. आधी अडकलेल्या प्रवासी गाड्या, मग त्यांच्या मागून आलेल्या, मग समोरून येणाऱ्या. पूर्ण लांबीची मालगाडी सातशे मीटरच्या घरात जाते. तिला उभे करायला तेवढी लांब लूप लाइन, म्हणजे स्थानकातली बाजूची लाइन, लागते. तिथे ती तासन्‌तास उभी राहते. चालकाच्या ड्यूटीचे तास संपतात, दुसरा चालक आणायला रस्ता धड नसतो. रिकामी होऊन परत जायची वॅगन वेळेत पोहोचत नाही आणि पुढच्या कारखान्याचे किंवा बंदराचे लोडिंग चुकते. दरड एक दिवस रुळांवर असली, तरी तिचा परिणाम आठवडाभर चालतो.

सर्वांत जास्त अडचण होते ती भरलेले ट्रकच वॅगनवरून नेणाऱ्या रो-रो सेवेची. २६ जानेवारी १९९९ ला कोलाड ते वेर्णा ही सेवा कोकण रेल्वेने सुरू केली, पुढे ती सुरतकलपर्यंत गेली. कोलाडला रॅम्पवरून ट्रक एकामागून एक सपाट वॅगनवर चढतात. पहिला ट्रक सगळ्या वॅगन ओलांडत थेट पुढच्या टोकाला जाऊन थांबतो. चाकांना अडण्या लावतात, साखळ्या आवळतात, आणि चालक आपल्याच केबिनमध्ये बसून प्रवास करतो. डिझेल वाचते, टायर वाचतात, घाटाचा धोका टळतो. पण ही गाडी एक्स्प्रेससारखी मिरज-लोंढामार्गे सहज वळवता येत नाही, कारण वॅगनवर चढलेल्या ट्रकची उंची वेगळ्या मार्गावरच्या बोगद्यांना आणि विजेच्या तारांना चालेलच असे नाही. ट्रक खाली उतरवायचा तर रॅम्प असलेल्या स्थानकातच. उतरवला तरी पुढे मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे परशुरामसारखे घाट. ज्या पावसाने रेल्वे अडवली, तोच पाऊस तिथेही पडत असतो. २०२२ च्या जुलैत परशुराम घाट दरडींमुळे बंद ठेवावा लागला होता.

पर्यायी मार्गावर किती विसंबायचे, याचे उत्तर जुलै २०२१ ने दिले. १९ जुलैला जुने गोवे बोगद्यात माती-पाणी शिरले. २१ आणि २२ जुलैला उंबरमाळीजवळ पाण्याने आणि कसारा-इगतपुरी पट्ट्यात दरडींनी मार्ग उखडला. भोर घाटातही पडझड झाली. २२ जुलैला वाशिष्ठी नदीने चिपळूण बुडवले आणि चिपळूण-कामथे दरम्यान गाड्या थांबल्या. कोकण बंद म्हणून मंगळूरहून मुंबईला निघालेली एक गाडी मडगाव-लोंढा-मिरजमार्गे वळवण्यात आली. २३ जुलैला दूधसागर आणि सोनावळीच्या मधे दरडीने तिचेच डबे रुळांवरून घसरले. पर्याय म्हणून दाखवला जाणारा तो ब्रॅगांझा घाटही ३७ ला एक चढाचा आहे. ऐन पावसात कोकणची अवजड मालवाहतूक त्याच्या माथी मारणे हा नकाशावरचा उपाय आहे. मुंबई आणि जेएनपीटी बंदराच्या पाठीशी उभा असलेला सह्याद्री त्या आठवड्यात सगळीकडून अडला होता.

भोर घाटाची तुलना इथे करावीशी वाटते. २०१९ च्या पावसाने मंकी हिल आणि नागनाथच्या दरम्यान एका मार्गाचा पाया खचवला आणि दुरुस्ती कित्येक महिने चालली. पण भोर घाटात तीन मार्ग आहेत. वेळापत्रक कोलमडले, गाड्या रद्द झाल्या, तरी उरलेल्या मार्गांवरून मालवाहतूक चालू राहिली. तिथे पावसाळ्यापूर्वी हिल गँगचे लोक दोराला लटकून कड्यावरचे सैल धोंडे शोधतात आणि ब्लॉक घेऊन, म्हणजे वाहतूक थांबवून, ते मुद्दाम खाली पाडतात. दीडशेहून अधिक वर्षे जुन्या घाटाने शिकवलेली ही पद्धत आहे.

कोकण रेल्वेही शिकली, मात्र मोठी किंमत मोजून. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीवर आदळून कारवार-मुंबई हॉलिडे स्पेशलमधले पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी १६ जूनला आंबवली पुलावर मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. त्यानंतर उतार कमी केले गेले, कड्यांवर जाळ्या बसल्या, काँक्रीटचा थर फवारला गेला, माती धरून ठेवणारा वाळा लावला गेला. काळ, सावित्री, वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पूर-इशारा यंत्रणा आहे. पानवल, मांडवी, झुआरी आणि शरावती इथे वाऱ्याचा वेग मोजला जातो. पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक लागते आणि जोराच्या पावसात दिसेनासे झाले की वेग ताशी ४० किलोमीटरवर आणावा, अशी चालकांना सूचना असते.

आणि साडेसहाशेच्या आसपास माणसे पावसाळाभर मार्गावर गस्त घालतात. रात्री अडीच वाजता, अंगावर रेनकोट, हातात बत्ती, पाठीवर गाडीला इशारा देणारे फटाके, खांद्याला वॉकीटॉकी असा गस्तवाला आपला टप्पा चालतो. कटिंगच्या माथ्यावरून येणाऱ्या पाण्याचा रंग तो पाहतो. स्वच्छ पाणी एकाएकी लाल-गढूळ झाले तर वर माती सुटते आहे. मोरीखालून पाणी नेहमीसारखे निघते की तुंबले आहे, हे आवाजावरून त्याला कळते. दरड दिसली तर त्याने धोक्याच्या जागेपासून ६०० मीटरवर एक फटाका आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके रुळावर लावायचे असतात, तेही कुठल्या बाजूने गाडी येते याचा अंदाज घेत, अंधारात खडीवरून पळत. त्याने थांबवलेल्या गाड्यांत मालगाड्याही असतात. रो-रोवरचा ट्रकचालक त्याच्याच भरवशावर केबिनमध्ये झोपलेला असतो.

ही माणसे चोख काम करतात, म्हणून मनुष्यहानी कमी झाली. वाहतूक बंद पडणे मात्र त्यांच्या हातात नाही. त्याला दुसरा मार्ग लागतो. २०२१ मध्ये रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा टप्पा दुहेरी झाला. कळंबणी, कडवई, वेरवली, खारेपाटण, अचिर्णे अशी नवी स्थानके झाल्याने गाड्यांना एकमेकींना ओलांडायला जागा वाढली. २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण झाले. पण वीरपासून पुढे, म्हणजे बहुतेक अवघड कटिंगांच्या पट्ट्यात, अजून बहुतांश एकेरी मार्ग आहे. सगळीकडे एकदम दुहेरीकरण परवडणारे नाही, हे मलाही मान्य आहे. वारंवार घसरणाऱ्या जागांना वळसा घालणारे टप्पे आणि पेडण्यासारख्या बोगद्याला नवा पर्याय, ही सुरुवात तरी परवडली पाहिजे.

महामंडळाकडे यासाठी पैसा नव्हता, हे कारण आजवर दिले गेले. २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला संमती दिली. नाव तेच राहावे अशी अट घातली. नावाबरोबर आणखी दोन अटी राज्याने धराव्यात: कड्यांच्या आणि पाण्याच्या निचऱ्याच्या कामासाठी दरवर्षी वेगळी, दुसरीकडे न वळवता येणारी तरतूद; आणि पावसाने किती मालगाड्या किती तास थांबल्या, याची जाहीर नोंद. कोकणातले लोकप्रतिनिधी आपल्या स्थानकावर एक्स्प्रेसचा थांबा मिळावा म्हणून सतत पत्रे लिहितात आणि पाठपुरावा करून तो मिळवतातही. तेवढ्याच नेटाने त्यांनी वीर ते मडुरे हा टप्पा दुहेरी करण्यासाठी लिहावे, आणि वाचकांनी त्यांना ते लिहायला लावावे.