आधी चीज फ्रीजमध्ये, मग कोंबडी कढईत!

आमच्या विट्यात घरटी नाही म्हटलं तरी गल्लीटी एखादं माणूस गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळायला परमुलखात गेलेलं असतं. माझे धाकटे दीर असेच केरळात. गेल्या वर्षी दुकान बंद करून बिऱ्हाडासह कायमचेच परत आले. पोरगी तिकडेच वाढलेली, नववीतली. इथल्या शाळेत कुणाशी बोलेना की घरात नीट जेवेना. जाऊबाई रात्री हळूच म्हणाली, "अक्का, हिचा वाढदिवस करूया का? पण मैत्रिणी येतील का हो?"

पोरीला विचारलं, काय करू? म्हणाली, "मोठ्याई, चिकन चीज बॉल्स. पण इथं कुठं मिळणार!" हे मात्र मला लागलं. विट्याच्या आसपास एवढ्या पोल्ट्र्या, आणि आम्हाला कोंबडीचा एक पदार्थ जमू नये?

अर्धा किलो बोनलेस चिकन मीठ, हळद, आलं-लसूण लावून अगदी थोड्या पाण्यात शिजवलं. पाणी पार आटवलं आणि गार झाल्यावर हातानं बारीक तंतू केले. त्यात दोन मध्यम बटाटे उकडून, किसून. कोथिंबीर, अर्धं लिंबू आणि दोन चमचे घरचा कांदा-लसूण मसाला. हा मसाला आतच घालायचा हं, वरच्या आवरणात घातला तर तेलात करपतो. मीठ बेतानं, कारण चीजही खारट आणि मसालाही. चीजच्या चार क्यूबचे प्रत्येकी सहा तुकडे केले, एकेक तुकडा पोटात घालून चोवीस गोळे वळले. दोन चमचे मैदा, दोन चमचे कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून त्यात बुडवले, वर टोस्टचा चुरा. (ब्रेडक्रम्सचं पाकीट कशाला आणायचं?)

आमच्याकडे कोंबडी परड्यातल्या चुलीवर, घरातल्या गॅसवर नाही. घाईत मी गोळे तसेच तेलात सोडले आणि पहिले चार फाट्दिशी फुटले! चीज कढईभर. पोरगी दारात उभी राहून बघत होती, तिचा चेहरा मला बघवेना.

आत्ती तिथंच लसूण सोलत बसलेल्या. म्हणाल्या, "त्याल निवलंय आन् गोळं वलं हायती. फुटंल न्हाईतर काय हुईल?" खरंच होतं. तेल गार असलं की आवरण कडक व्हायच्या आत चीज वितळून वाट काढतं. उरलेले वीस गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवले. मग आत्तींनीच जाळ सारला, टोस्टचा चुरा टाकून बघितला. तो लगेच वर आला, तेव्हा चार-चारच सोडू दिले. आतलं सगळं शिजलेलंच असतं, त्यामुळे बाहेरून तांबूस झाले की काढायचे. एकही फुटला नाही.

सहा मुली येणार होत्या, चार आल्या. एकीचा शनिवार होता, तिच्यासाठी चिकनऐवजी मक्याचे दाणे घालून वेगळ्या तेलात, घरातल्या गॅसवर थोडे तळले. तिखटानं सगळ्यांची नाकं वाहत होती. एकजण म्हणाली, "तुमच्याकडं तिकडं असंच करतात?"

"नाही," पोरगी म्हणाली, "हे आमच्या आजीच्या चुलीवरचं आहे."

जाऊबाई पाणी आणायचं निमित्त करून आत गेली. रिकामं ताट आत्तींनी परड्यात नेलं आणि मला विचारलं, "ते पिवळं आनखी हाय का गं घरात?"