अप्रेझलच्या फॉर्ममधला संवादाचा रकाना

मार्च उजाडला की ऑफिसांमध्ये सेल्फ-अप्रेझलचे फॉर्म भरायची लगीनघाई सुरू होते. टार्गेट, प्रोजेक्ट, ट्रेनिंग हे सगळं आकड्यांत बसतं, त्यामुळे पटापट उरकतं. मग येतो ‘कम्युनिकेशन स्किल्स’चा रकाना, आणि भलेभले तिथे अडतात. शेवटी गेल्या वर्षीचं वाक्य उचलून चिकटवलं जातं: ‘माझे संवादकौशल्य उत्तम असून मी सर्वांशी प्रभावीपणे संवाद साधतो.’ असली पंधरा वाक्यं त्या दिवशी साहेबांच्या नजरेखालून गेलेली असतात. सोळाव्याने त्यांच्या मतात काडीचाही फरक पडत नाही.

गैरसमज: माझा संवाद कसा आहे, हे मलाच सगळ्यांत चांगलं ठाऊक.

१९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन हिने पीएच.डी.साठी एक साधा प्रयोग केला. काही जणांनी सर्वांना माहीत असलेल्या गाण्यांची लय बोटांनी टेबलावर वाजवायची आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं, निम्मी गाणी तरी सहज ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली फक्त तीन. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र नुसती टकटक पडते.

ई-मेलचंही तेच. जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना काही वाक्यं मनापासून आणि काही उपरोधाने लिहायला सांगितली होती. आपला सूर वाचणाऱ्याला सुमारे ७८ टक्के वेळा कळेल, असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात कळला ५६ टक्के वेळा. छापा-काटा करूनही पन्नास मिळालेच असते!

तेव्हा ‘मी स्पष्ट बोलतो’ ही झाली आपली समजूत. खरोखर स्पष्ट झालं की नाही, ते ऐकणाऱ्याने पुढे काय केलं यावरून ठरतं, आणि रकान्यात जायला हवं ते हेच. समजा, हिंजवडीतल्या एका सपोर्ट टीममधला इंजिनिअर फॉर्म भरतोय. ‘क्लायंटशी सातत्याने सुसंवाद ठेवला’ असं त्याने लिहिलंय. ते खोडून त्याने असं लिहावं: ‘ऑगस्टपर्यंत क्लायंट एकाच तिकिटाबद्दल तीन वेगवेगळ्या लोकांना विचारत असे. सप्टेंबरपासून मी दर शुक्रवारी एक मेल सुरू केला: काय झालं, काय अडलंय, कोणाकडून काय हवंय. दिवाळीनंतर ही विचारणा थांबली आणि सोमवारचा स्टेटस कॉल क्लायंटनेच बंद करायला सांगितला.’ यात ‘उत्तम’ नाही, ‘प्रभावी’ नाही, स्वतःची पाठ थोपटणंही नाही. पण साहेबांना वरच्यांसमोर हे जसंच्या तसं वाचून दाखवता येतं. रेटिंगच्या बैठकीत आपण नसतो. तिथे आपली बाजू मांडणाऱ्याच्या हातात काहीतरी द्यावं लागतं.

हे मार्चमध्ये आठवायला बसलं तर आठवत नाही, हेही खरं. अलीकडचं ठळक दिसतं आणि जुनं पुसट होतं, साहेबांच्याही आणि आपल्याही बाबतीत. कोणी ‘तुझ्या नोटमुळे काम सोपं झालं’ असा मेल केला, तर तो एका फोल्डरमध्ये टाकून ठेवावा.

गैरसमज: कम्युनिकेशन म्हणजे फाडफाड इंग्रजी.

मराठी माणसाच्या मनात हा समज फार खोल रुतलाय. अस्खलित इंग्रजीत अर्धा तास बोलून कामाचा मुद्दा न सांगणारे लोक कुठल्याही मीटिंगमध्ये सापडतात. उलट चाकणच्या कारखान्यात शिफ्ट बदलताना ‘तीन नंबरच्या मशीनला हात लावू नका, सेन्सर बदलायचाय, मेंटेनन्सला सांगितलंय’ असं मराठी-हिंदीत नेमकं सांगणाऱ्या सुपरवायझरला आपण काही कौशल्य दाखवतोय असं वाटतही नाही. हॉस्पिटलांत रुग्णाची माहिती पुढच्याच्या हाती देण्यासाठी ‘एसबार’ नावाची पद्धत वापरतात: आत्ता काय चाललंय, आधी काय झालं, मला काय वाटतं, काय करावं. तिचं मूळ अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांमध्ये आहे. तिथेही भर क्रमावर आहे, उच्चारांवर नाही. इंग्रजी कामाला लागत असेल तर जरूर सुधारावं, पण ती वेगळी ओळ झाली.

गैरसमज: संवादाचा ९३ टक्के भाग देहबोलीचा असतो.

कार्यशाळांमधला हा लाडका आकडा. अल्बर्ट मेहरेबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांमधून तो आला. त्यात एकेका शब्दातून बोलणाऱ्याच्या भावना कळतात का, एवढंच तपासलं होतं. सरसकट सगळ्या संवादाला हे लागू नाही, असं खुद्द मेहरेबियन यांनीच सांगितलंय. ‘माझी देहबोली आत्मविश्वासपूर्ण आहे’ हे वाक्य फॉर्ममधून खुशाल काढून टाका.

गैरसमज: उणीव लिहिली की रेटिंग गेलं.

गोडगोड उणीव लिहिली तर जरूर जातं. ‘मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे’ याला आता कोणी फसत नाही. ‘मीटिंगमध्ये मी असहमती लगेच बोलून दाखवत नाही, नंतर मेल करतो, त्यामुळे जूनमध्ये एक निर्णय फिरवावा लागला, आता अजेंडा आल्यावर आक्षेप आधीच कळवतो’ हे मात्र चालतं. साहेबांना ती गोष्ट माहीत असतेच. ती आपल्याला माहीत आहे की नाही, हे त्यांना पाहायचं असतं.

गैरसमज: सरकारी नोकरीत गोपनीय अहवालात काय लिहिलंय ते कळतच नाही.

पूर्वी बव्हंशी तसंच होतं. देव दत्त हे सीमा रस्ते विभागातले अभियंता. १९९३-९४ च्या अहवालात त्यांना ‘गुड’ शेरा होता आणि बढतीसाठी ‘व्हेरी गुड’ लागत होता. तो शेरा त्यांना कळवलाच गेला नव्हता. त्यांच्याच प्रकरणात १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चांगला असो वा वाईट, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. त्यानंतर २००९ मध्ये केंद्र सरकारने पूर्ण अहवाल दाखवण्याचा आदेश काढला. केंद्राच्या नमुन्यात एक ते दहा असे गुण असतात. संवादकौशल्य ज्या वैयक्तिक गुणांच्या गटात येतं, त्याला ३० टक्के भार आहे. गुण कमी वाटले तर अहवाल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी निवेदन देता येतं. त्या निवेदनातही ‘मी उत्तम संवाद साधतो’ एवढ्याने भागत नाही; कोणतं पत्र, कोणती तारीख आणि त्यावर पुढे काय झालं, ते जोडावं लागतं.