बोहारीण ते क्यूआर कोड

जुन्या कपड्यांवर स्टीलचं भांडं देणारी बोहारीण आठवते? माल समोर, घासाघीस दारातच. मुंबईच्या बाझी डॉट कॉमने 2000 साली जुन्या-नव्या वस्तूंचा बाजार नेटवर मांडला. 2004 मध्ये ईबेने ती कंपनीच विकत घेतली. आता तर होस्टेलच्या ग्रुपवरच काम होतं. मी ड्राफ्टर देऊन वर्कशॉपचा एप्रन घेतला. पण दोघांनाही एकमेकांचीच वस्तू हवी, असा योग क्वचित. मग पैसे आलेच, आणि फसवणूकही! अनोळखी गिऱ्हाईक क्यूआर कोड पाठवून म्हणतं, "स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील." लक्षात ठेवा, यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. सौदा वसई रोड स्टेशनवर, दिवसाउजेडी, वस्तू चालवून बघूनच करा.